रूथबाईच्या भाकरीचं आवतन

पुण्यात मला दोन प्रकारच्या माणसांचा सारखाच संताप येतो. पहिली विचारतात, तुमचा धर्म इथला कसा? माझी पणजी इथली, तिची चूल इथली, तिनं येशूला आयुष्यभर हाक मारली ती मराठीत, तरी हे विचारतात. दुसरी माणसं आमचीच. रविवारी कडक इस्त्रीचे कपडे घालून चर्चच्या बाकांवर बसतात आणि गावाकडच्या मंडळ्यांचा, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाचा, विषय निघाला की नाक मुरडतात. तिकडं काय, जोडे काढून जमिनीवर बसतात, टाळ कुटतात, त्यांचं जुनं अजून सुटलेलं नाही म्हणतात. जणू श्रद्धा सीलबंद डब्यातून आली होती आणि गावाकडच्यांनी झाकण उघडताना हात धुतले नव्हते.

हे सगळं डोक्यात घेऊन मी बुलढाणा जिल्ह्यात गेले. बोलावलं होतं आशिषनं. आम्ही दोघं एके काळी पत्रकं लिहायचो आणि चौकात उभं राहून वाटायचो. मग तो पाळक, म्हणजे पास्टर, झाला आणि मेहकर तालुक्यात, जानेफळच्या पलीकडच्या एका लहान गावात त्याची नेमणूक झाली. फोनवर म्हणाला, माझ्या मंडळीत दोन महिने प्रभुभोजन झालेलं नाही, आणि भांडण तुझ्या पत्रकातलं आहे. माझं नवं पत्रक होतं ‘विधवेचं ताट वेगळं का?’ एक गठ्ठा पिशवीत कोंबला आणि निघाले.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रभुभोजन म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून सगळ्यांनी मिळून घेतलेला. आमच्या उपासनेत याहून मोठं काही नाही.

जानेफळ, शुक्रवार

बसप्रवासाबद्दल एवढंच की पाठ अजून दुखते. मेहकर मागं पडल्यावर मात्र डोळे उघडले. काळी जमीन, काढून ढीग घातलेला हरभरा, पिवळा पडत चाललेला गहू आणि मधूनच एखादा पळस पेटलेला. शेताच्या बांधाला इथं धुरा म्हणतात. शब्द लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आशिष थांब्यावर आला होता. गावी जायच्या आधी तो मला रहीमचाचांच्या किराणा दुकानात घेऊन गेला. त्याला काळ्या मनुका हव्या होत्या. त्या भिजत घालून, उकळून, गाळून जे पाणी निघतं तोच इथला द्राक्षरस. चाचांनी बरणीला हातच लावला नाही. चष्म्यावरून आशिषकडं बघत म्हणाले, “पास्टर, जेवण पक्कं हाय ना? मागच्या टायमाले नेल्या अन् वापस आणल्या तुमी.”

आशिषनं कबूल केलं की पक्कं नाही.

“रूथबाईचीच बारी हाय का अजून?”

“हाव.”

“मंग अर्ध्याच न्या. अन् त्या याकोबले सांगा, चाचाच्या मनुका खराब होऊन राह्यल्या.”

मी बघतच राहिले. पुण्यात आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना वीस वर्षांच्या शेजारानंतरही वाटतं की आम्ही रोज केक खातो. इथं एका मुसलमान किराणावाल्याला ख्रिस्ती मंडळीत कुणाची पाळी आहे, ती कशावर अडली आहे आणि कुणाला टोमणा मारायचा, सगळं माहीत. आणि म्हणे आम्ही परके.

पुढं जीपमध्ये आशिषनं हकिकत सांगितली. त्याचं सांगायचं राहिलं ते मागच्या बाकावरच्या बायकांनी सांगितलं.

या गावात प्रभुभोजनाची भाकरी पाळक आणत नाही. मंडळीतल्या घरांची बारी असते. ज्या घराची बारी, त्या घरची ज्वारी, त्या घरच्या चुलीवरची भाकर. आणि आदल्या दिवशी त्या घरानं सगळ्यांना आवतन द्यायचं, म्हणजे जेवायचं बोलावणं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इकडचा शेतकरी बैलाच्या खांद्याला, जिथं जू घासून कातडी निबर होते नेमक्या तिथं, हळद-तूप चोळतो आणि बैलाला सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. गावातल्या कुणा ख्रिस्ती पणजोबाला वाटलं असणार की येशूनं बोलावलं तेही ओझ्यानं खांदे दुखणाऱ्यांनाच, मग त्याचं बोलावणं खांद्यालाच लागलं पाहिजे. तेव्हापासून बारीचं जोडपं हळद-तुपाची वाटी घेऊन दारोदार फिरतं. नवरा गड्यांच्या उजव्या खांद्याला बोट लावतो, बायको बायांच्या. शब्द तेच, बैलाचे.

माझं जू खांद्यावर घ्या, असं येशू म्हणतो, त्या जुवावरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. इंग्रजी शिकलेल्या, टाय लावलेल्या उपदेशकांची. एकाही प्रवचनात तूप नव्हतं.

अजून एक नियम आहे. ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्या दारी आधी जायचं. आणि एका जरी घरानं आवतन परतवलं तरी कुणाचंच भोजन नाही.

अडलं होतं ते इथंच. रूथबाईचा नवरा वारला. जोडी तुटली. विधवेची बारी आली की भाकर तिची आणि आवतन मात्र दिराच्या जोडप्यानं द्यायचं, अशी रीत. रूथबाईचा धाकटा दीर याकोब. भाऊ गेल्यावर त्यानं तिचा धुरा कोरला होता. म्हणजे नांगरताना दर खेपेला थोडा थोडा तिच्या बाजूला सरकला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता बारी आली तेव्हा रूथबाई म्हणाली, भाकर माझी तर आवतनही मीच देईन. याकोब म्हणाला, जोडीशिवाय दिलेलं आवतन माझ्या घरात चालणार नाही.

आशिषनं पुणेरी शहाणपणा केला. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं, उद्या प्रभुभोजन आहे, सर्वांनी यावे. सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवशी देवळात एकही माणूस आला नाही. (इथं चर्चला देऊळच म्हणतात, आणि मला ते फार आवडलं.)

“राग नव्हता कुणाचा,” आशिष म्हणाला. “संध्याकाळी भेटले तर विचारतात, काऊन साहेब, भोजन झालं नाही का? मी म्हटलं, मेसेज टाकला होता की. तर म्हणाले, हाव, वाचला ना. पण आवतन कुठं आलं?”

“आणि रूथबाईनं भाजलेल्या भाकरी?”

“मीच खाल्ल्या. दोन दिवस पुरल्या.”

गावात, शुक्रवार संध्याकाळ

माझी उतरायची सोय रूथबाईकडंच होती. चाळिशीची बाई, काटक, बोलायला तोडून. तिनं ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल वाढलं. मी पिशवीतून पत्रक काढून दिलं. चुलीच्या उजेडात तिनं ते शेवटपर्यंत वाचलं, नीट घडी करून कोनाड्यात ठेवलं आणि म्हणाली, “चांगलं लिवलं ताई. पण मले एवढं मोठं नाई विचारायचं. माहं पीठ चालते, माही भाकर चालते. माहे पाय काऊन नाही चालत?”

माझ्या पत्रकात मागण्या पुष्कळ आहेत. हे वाक्य एकाही मागणीत नाही. पुढच्या छपाईत असेल.

खरी घाई आणखी एका माणसासाठी होती. याकोबच्या घरी त्याची आई, म्हणजे रूथबाईची सासू मार्थाबाई, खाटेला खिळली होती. खाणं जवळपास सुटलेलं. तिनं एकच धोशा लावला होता की जायच्या आधी एकदा भोजन घेईन. आणि भोजन तर तिच्याच घरातल्या दोघांच्या भांडणात अडकलेलं. आशिषनं खाटेपाशी आणून देतो म्हटलं, तर म्हातारीनं तोंड फिरवलं. पंगतीशिवाय कसलं जेवण, म्हणाली.

संध्याकाळी देवळाच्या अंगणात कीर्तन होतं. करणारा याकोबच. मी त्याच्यावर चिडायच्या तयारीनं गेले होते, आणि त्यानं मला चिडूच दिलं नाही. गळा असा की ढोलकीवाला बघत राहायचा. त्यानं त्या बापाची गोष्ट लावली होती, ज्याचा धाकटा मुलगा सगळं उधळून परत येतो. आमच्याकडं शहरात ही गोष्ट नेहमी त्या धाकट्याची असते, पश्चात्ताप, अश्रू वगैरे. इथं ती थोरल्याची आहे. ज्या गावात दर दुसऱ्या घरात भावाभावांत वितुष्ट आहे तिथं लोकांचं लक्ष थोरल्याकडंच असणार.

“थोरला धुऱ्यावर उभा,” याकोब सांगत होता. “घरात वाजंत्री. बकऱ्याच्या रश्श्याचा वास धुऱ्यापावतर येऊन राह्यला. पण हा काई आत येईना. काऊन येईना? अरे, त्याले कोणी आवतनच देल्लं नव्हतं बाप्पा. दिवसभर शेतात राबला, अन् घरी जेवण हाय हे गड्याकून समजलं. मंग बाप उठला. म्हाताराच तो. पाव्हणे टाकून, पंगत टाकून, सोता धुऱ्यावर गेला...”

आणि तो थांबला. धुऱ्यावर गेला, असं आणखी एकदा म्हणाला, आणि पुढचं न सांगता एकदम भजन उचललं. बायांनी एकमेकींकडं पाहिलं. रूथबाई माझ्या शेजारी टाळ वाजवत होती. तिचा ताल चुकला नाही, पण तिनं मान वर केली नाही.

शनिवार

सकाळी मंडळीचे पंच शांतवनराव घरी आले. साठीचे, सभ्य, डोक्यावर टोपी. भांडण मिटवायलाच आले होते. म्हणाले, यावेळी माझं जोडपं फिरतो, दिराचं नको तर नको. रूथबाई ज्वारीचं पीठ चाळत राहिली. मीच तोंड उघडलं. विचारलं, जोडीच पाहिजे हे कुठं लिहिलंय?

“लिहिलेलं काईच नाही, ताई,” ते शांतपणे म्हणाले. “आवतन तरी कुठं लिहिलेलं हाय? बैल जोडीनं चालतात म्हणून आवतन जोडीनं. एक धागा उसवला तर मंग पुरा सदराच उसवते.”

त्यांचं मला अजिबात पटलं नाही. पण एक गोष्ट कळली. पुण्याची माणसं म्हणतात, गावाची रीत श्रद्धेत घुसली, उपटून टाका. ती उपटली तर खांद्यावरचं तूप जातं. आणि ती आहे तशी ठेवली तर विधवेचे पाय उंबऱ्याच्या आत राहतात. ज्या मातीनं इतकं सुंदर आवतन दिलं त्याच मातीनं हेही दिलं. म्हणजे रीत आतूनच वळवायला हवी, आणि ते काम पुण्याहून आलेल्या बाईचं नव्हतं.

पंच गेल्यावर रूथबाईनं पितळी वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, डोक्यावर पदर घेतला. आशिष बरोबर यायला उठला तर म्हणाली, “पाळकसाहेब, तुमी देवळात बसा. आवतन घरचं असते.” मला मात्र चल म्हणाली.

ती सरळ याकोबच्या दारी गेली. ज्याच्याशी वाकडं त्याच्याकडं आधी. याकोब ओट्यावर अंबाडीच्या वाकाचा दोर वळत बसला होता. त्याची बायको आम्हाला बघून दारातून आत सरकली. शांतवनराव मागोमाग आले, आणखी चार माणसं गल्लीत जमली.

“भाऊजी,” रूथबाई म्हणाली, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

याकोबनं दोरावरची नजर उचलली नाही. “जोडी कुठं हाय, वहिनी?”

ओरडून म्हणाला नाही. तरी माझी कानशिलं तापली. मी काहीतरी बोलणार होते, पण रूथबाईनं वाटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाली, “तुमाले माईत हाय कुठं हाय ते. तुमीच खांदा देल्ला व्हता त्यायले.”

दोर वळणारे हात थांबले.

मग आतून आवाज आला, भाकरीच्या पापुद्र्यासारखा पातळ. “कोण व? रूथ हाय का?”

“हाव, आत्याबाई.”

“मंग तिथं काय करून राह्यली? मले नाही का आवतन?”

रूथबाई आत गेली. मी दारात. खाटेवर मार्थाबाई म्हणजे नुसती चादरीची घडी. तिनं खांद्यावरून पदर सरकवला. त्या खांद्याचं हाड दिसत होतं, आणि आयुष्यभर सरपणाच्या मोळ्या वाहिल्याचा घट्टा अजून काळा होता. रूथबाईनं त्यावर बोट टेकलं, शब्द म्हणाली. म्हातारीनं डोळे मिटून ते ऐकलं. मग हात पुढं केला.

“आण ती वाटी इकडं. मीबी एकटी, तूबी एकटी. झाली ना जोडी?” आणि दाराकडं तोंड करून, “याकोब. इकडं ये. सदरा काढ.”

पंचांना राहवलं नाही. त्यांनी अडखळत विचारलं की मार्थामाय, गड्यांच्या खांद्याला बाईमाणूस कसं लावणार?

मार्थाबाई गावची सुईण होती हे मला तेव्हा कळलं. तिनं उशीवरूनच मान वळवली. “या गावातल्या कोणत्या गड्याले म्या पयल्या दिवशी न्हाऊ नाही घातलं? तुले बी घातलं, शांतवन. उघडाच व्हता तू. तवा नाही लाजला, आता लाजून राह्यला का?”

गल्लीत हसू फुटलं. शांतवनरावांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि तेही हसले. पंचांचा निवाडा झाला तो एवढाच.

याकोब आत आला. सदरा काढून खाटेपाशी उकिडवा बसला. म्हातारीनं बोटानं लावायच्या ऐवजी अख्खा तळवा बुडवून त्याच्या खांद्यावर फिरवला, पुन्हा पुन्हा, जसं बैलाला चोळतात तसं. शब्द तिला एका दमात म्हणता येईनात. अर्धे तिनं म्हटले, उरलेले रूथबाईनं. याकोब खाली बघत होता. “घेतलं, माय,” म्हणाला. मग, “घेतलं, वहिनी.”

पुढचा प्रश्न फिरायचा कसं. प्लास्टिकची खुर्ची आली. म्हातारीला तिच्यात बसवून एका बाजूला याकोब, दुसऱ्या बाजूला शांतवनराव, अशी ती खुर्ची खांद्यावर घेऊन गावातून फिरले. दर दाराशी खुर्ची खाली उतरायची. रूथबाई बायांना लावायची, मार्थाबाई गड्यांना, आणि बहुतेकांना काहीतरी ऐकवून. आशिषनं पांढरा शर्ट घातला होता. शर्टासकट लावलं. वाटेत एका हिंदू शेजाऱ्यानं मधेच थांबवून म्हातारीच्या हातात गुळाचा खडा दिला. शेवटी मलाही बोलावलं. पुण्याच्या बाईचा खांदा मऊ हाय, म्हातारी म्हणाली, पण दुखत असंल.

दुखत होता.

रविवार आणि सोमवार

देवळात बाकं नाहीत. सतरंजी, मधे चौरंग, भोवती पंगत. भाकर हातोहात फिरते, प्रत्येकजण शेजारच्यासाठी तुकडा मोडतो. स्वतःसाठी कुणी मोडायचा नाही. रूथबाईच्या शेजारी खुर्चीत मार्थाबाई, तिच्या पायाशी याकोब. आशिषनं प्रार्थना केली, ती थोडक्यात केली याबद्दल त्याचे आभार. रूथबाईनं तुकडा मोडला, मनुकांच्या पाण्यात भिजवून सासूच्या तोंडात घातला. म्हातारीनं तो बराच वेळ तोंडात घोळवला. मग भाकर पुढं न्यायची पाळी तिची. तिनं बोटं दाखवली, भाकर मोडवत नाही. “तूच दे त्याले.”

रूथबाईनं मोडून दिली. याकोबनं दोन्ही तळहात जोडून पुढं केले, तुकडा घेतला आणि खाण्याआधी हळूच म्हणाला, “पेरणीच्या आधी धुऱ्याले दोर लावू, वहिनी.”

“पेरणी कायले?” ती म्हणाली. “उद्या लावू.”

उपासनेनंतर रोडगे झाले. कणकेचे थर देऊन केलेले गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले, फोडून तूप, वरण आणि झणझणीत वांग्याची भाजी. शेजारच्या हिंदूंचे रोडगे नवसाचे असतात, यांचे भोजनानंतरचे. चव तीच. आमच्या पुण्यात उपासनेनंतर बिस्किट आणि कोमट चहा असतो, त्याचा मी इथं निषेध नोंदवते. गोवऱ्या पेटवायला माझी काही पत्रकं कामी आली. उरलेली वाटली. शांतवनरावांनी एक सावकाश वाचलं आणि म्हणाले, “ताई, आमच्यात ताट नव्हतं वेगळं. वाटी व्हती.” मी मान्य केलं. पण विचारलंच की मार्थाबाई आहेत तोवर ठीक, पुढं काय? मंडळीत आणखी विधवा आहेत. उत्तर रोडगे फोडणाऱ्या रूथबाईनं दिलं, पाठ न वळवता: “त्यायची बारी आली का मी जाईन ना संगं. जोडी लागते म्हणे.”

शांतवनरावांनी रोडग्यावर आणखी तूप घेतलं. नाही म्हणाले नाहीत.

सोमवारी सकाळच्या जीपनं निघाले. गाव संपलं आणि डाव्या हाताला त्यांचं शेत आलं. कडुनिंबाखाली खाट टाकली होती, खाटेवर चादरीची ती घडी, आणि त्या घडीचा एक हात वर होऊन कुणाला तरी इकडं सरक, तिकडं सरक सांगत होता. धुऱ्याच्या एका टोकाला याकोब, दुसऱ्या टोकाला रूथबाई, मधे अंबाडीचा नवा दोर ताणलेला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी खिडकीतून हात हलवला.

याकोबनं हलवला. रूथबाईनं नुसती मान हलवली. दोर सोडायला ती काही वेडी नव्हती.